बचत गट जातीवर वाटून घ्यावा का?

पत्र

"ताई, नमस्कार. अंबाजोगाई आणि रेणापूर तालुक्याच्या शिवेवर आमचं गाव आहे. आमच्या बचत गटात अकरा जणी आहोत, दोन्ही समाजांच्या. मी सचिव, आणि अध्यक्ष माझी मैत्रीण. तिचं न् माझं घर पाठीला पाठ लावून आहे. माझ्या लेकाच्या वेळेला मालक ऊसतोडीला गेले होते, तेव्हा दवाखान्यात मला तिनंच नेलं. लेक तिला मावशी म्हणायचा.

२०२३ पासून गाव बदललं. आधी पोरांचे स्टेटस, मग बॅनर. लोकसभेचा निकाल लागला आणि मग तर बोलणंच तुटलं. 'त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही' असा निरोप फिरला. आमचं किराणा दुकान आहे, निम्मं गिऱ्हाईक गेलं. यंदा येळवसला तिच्या शेतात जेवायचं बोलावणं आलं नाही, मीही धाडलं नाही. गटातल्या चौघी बैठकीला यायच्या बंद झाल्या. मालक म्हणतात, आपल्या बायकांचा वेगळा गट काढ. एका पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला, वेगळा गट केलात तर शिलाई मशिनी देऊ म्हणाला. आणि परवा माझ्या चौदा वर्षांच्या लेकानं तिच्याकडून आलेला डबा न उघडताच परत नेऊन दिला. 'आमच्या घरी तुमचं चालत नाही' म्हणाला. मी दाराआड उभी होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

राजकारण मुंबई-दिल्लीचं, मग ते माझ्या चुलीपर्यंत कसं आलं? गट वेगळा करू का? लेकाला काय सांगू?"

उत्तर

ताई, गट वेगळा करू नका. उत्तर आधी दिलं, कारणं आता सावकाश सांगते, कारण तुमचं दुखणं एकट्या गटाचं नाही.

तुम्ही तुमची आणि मैत्रिणीची जात पत्रात लिहिली होती. मी ती गाळली. बीड-जालना-परभणीकडचा वाचक पत्र हातात घेतल्यावर आधी तेच शोधणार, आणि ते सापडलं की उरलेलं पत्र आपल्या बाजूचा वकील होऊन वाचणार. तुमच्या पत्रातली नावं उलटी केली तरी एक ओळ बदलावी लागत नाही. हे वाचकांनीही करून बघावं.

चुलीपर्यंत कसं आलं, हे तुम्ही विचारलंत. मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादामागचं मूळ दुखणं खोटं नाही, म्हणून ते आलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. इथल्या जुन्या नोंदी हैदराबादच्या दफ्तरात राहिल्या. विदर्भातल्या सोयऱ्याला कुणबी म्हणून, म्हणजे ओबीसीत, दाखला मिळतो आणि इकडच्या भावाला मिळत नाही, ही मराठा घरातली तक्रार पोकळ नाही. दुसरीकडे मंडल आयोगाच्या शिफारशी १९९० मध्ये स्वीकारल्या गेल्या तेव्हा कुठं ओबीसी घरांतल्या पोरापोरींना केंद्र सरकारच्या नोकरीचंही दार किलकिलं झालं. तीच जागा आता आणखी मोठ्या समाजात वाटली जाईल, ही त्यांची भीतीही पोकळ नाही. ज्या घरात पंधरा एकर होते तिथं भावाभावांत दोन-दोन एकर उरलेत. बी.ए. झालेला मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतो, आणि त्याच्या शेजारी पळणारा दुसऱ्या समाजाचा असतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आडतीवर त्याच्या खाली माल द्यावा लागला तेव्हा पाटीलही रडला आणि त्याच्या बांधाला लागून असलेला वंजारी, माळी, धनगरही रडला. तुमचे मालक ज्या टोळीत कोयता घेऊन गेले, त्या टोळीत कोणकोण होतं ते त्यांनाच आठवायला सांगा.

मग इतकं सगळं सारखं असताना राग शेजाऱ्यावर का निघाला? याचं मला जे दिसतं ते असं, की दुखण्यावर उत्तर शोधणं अवघड असतं आणि डोकी मोजणं सोपं असतं. राजकारणाने सोपं काम हाती घेतलं.

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी चाललेल्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. त्या दिवसापासून मराठवाड्यातल्या गावागावांत माणसं आपापल्या बाजूला सरकायला लागली. ऑक्टोबरच्या शेवटी बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटवली गेली. जून २०२४ मध्ये अंतरवालीच्या शेजारच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके उपोषणाला बसले, मागणी दुसऱ्या टोकाची, ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लावू नका अशी. त्याच वर्षीच्या दसऱ्याला बीड जिल्ह्यात नारायणगडावर जरांगेंचा एक मेळावा झाला आणि सावरगावला भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडेंचा दुसरा. आपट्याची पानं वाटायचा तो दिवस, आणि एकाच गावातल्या गाड्या दोन वेगळ्या दिशांना निघाल्या. मेळाव्याला जाणं हा गुन्हा नाही. उपोषण करणं हा तर लोकशाहीतला हक्क आहे. पण कोण कुठल्या गाडीत बसलं, हे गावानं लक्षात ठेवलं, आणि तिथून बिघडत गेलं.

तुम्ही म्हणता, निकालानंतर बोलणं तुटलं. या एका वाक्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण गावात याची फारशी चर्चा होत नाही. मतदान गुप्त असतं असं आपण लेकरांना शिकवतो. एकट्या माणसाचं मत गुप्त राहतं, गावाचं राहत नाही. मतमोजणी केंद्रनिहाय होते. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता, नमुना २०, सगळ्यांना बघायला मिळतो. आठशे-हजार मतदारांच्या केंद्रावर कुठली गल्ली कुठं गेली असेल याचा अंदाज पारावरचं कोणीही पोरगं बांधतं. मग गावात आकडे फिरतात, इतकी आमची होती, तितकीच पडली, उरलेली कुणी फोडली? जे मत पेटीत बंद राहायला हवं ते असं गल्लीच्या कपाळावर चिकटतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं असं निवडणूक आयोगाने सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला होता. ते झालं असतं तर तुमच्या गावातला जून २०२४ थोडा वेगळा गेला असता, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक कमी झालं ते मालकांनी काही वाईट केलं म्हणून नव्हे. तुमच्या गल्लीच्या नावावर एक आकडा लागला आणि त्याची शिक्षा दुकानाला झाली.

आता तुमच्या दाराआडच्या गप्प बसण्याबद्दल. एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन अभ्यासक बाईंनी १९७४ मध्ये एक गोष्ट मांडली. आपलं मत चार लोकांत एकटं पडेल असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की दुसऱ्याला ते मत आणखी एकटं वाटतं, मग तोही गप्प. शेवटी जे मोठ्याने बोलतात त्यांचंच मत सगळ्या गावाचं मत वाटू लागतं. तुमच्या गावात "त्यांच्याकडून घेऊ नका" हा निरोप कुणी लिहिला असेल? दोघा-तिघांनी. पटला किती जणांना? आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ज्यांना पटला नाही ते तुमच्यासारखेच दाराआड उभे होते. तुमची मैत्रीणही बहुधा तिच्या दाराआड अशीच उभी असेल. येळवसला तुम्ही दोघींनी बोलावणं धाडलं नाही, यातून तुम्ही दोघींनी एकच अर्थ काढला असणार, की समोरची तुटली. खरं म्हणजे दोघी एकमेकींच्या बोलावण्याची वाट बघत होतात.

येळवसचा सण आपल्याकडे लातूर-धाराशिवात आणि तुमच्या शिवेपर्यंत अजून जिवंत आहे. कडब्याची कोपी करून पांडव मांडायचे, भज्जी आणि आंबील शिजवायचं आणि बांधावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी वाटसरूला जात विचारत नाहीत. ज्या सणात अनोळखी माणसाला हाक मारायची रीत आहे, त्यात पाठीला पाठ लावून राहणाऱ्या दोघींना एकमेकींना हाक मारता आली नाही. पत्रातली ही ओळ वाचून मला वाईट वाटलं ताई, डब्याच्या ओळीपेक्षाही जास्त. लेक चौदा वर्षांचा आहे, त्याने मोठ्यांचं पाहूनच केलं.

वातावरण किती खोल गेलंय याचा अंदाज यावा म्हणून सांगते, २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाने आपल्या माणसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली, फक्त पहिलं नाव ठेवलं. फिर्याद द्यायला आलेला माणूस आधी साहेबांचं आडनाव वाचतो आणि न्याय मिळणार की नाही ते ठरवतो, अशी वेळ आली होती म्हणून. चांगलं पाऊल होतं. पण गावात पाटी काढून भागत नाही, गावात तर सगळ्यांना सगळ्यांची सात पिढ्यांची आडनावं ठाऊक असतात. तिथं रोजचा व्यवहार टिकवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आपल्या प्रदेशाने हे आधी एकदा भोगलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली, कितीतरी कुटुंबं गाव सोडून निघून गेली. ज्यांनी घरं जाळली त्यांतल्या कितीतरी जणांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नसेल. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधली जवळपास सोळा वर्षं निर्णय मुंबईत अडकून होता, आणि तुटणं मात्र गावात पहिल्या काही दिवसांतच होऊन गेलं होतं. आज त्या विद्यापीठात सगळ्या जातींची मुलं शिकतात, त्याच नावाची पदवी घेऊन नोकरीला जातात. पण गाव सोडून गेलेल्यांपैकी कितीतरी घरं परत आली नाहीत.

हे मी सांगते कारण आताचा प्रश्नही तसाच वर अडकलेला आहे. इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा त्याच न्यायालयाने ५ मे २०२१ ला रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने १० टक्क्यांचा नवा कायदा केला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला, त्यावरही वाद चालूच आहेत. यातलं काहीही तुम्ही मैत्रिणीच्या घरचं जेवल्याने पुढे सरकत नाही की मागे पडत नाही. तुमच्या समाजाची मागणी तुम्हाला पटत असेल तर मोर्चाला जा, निवेदनावर सही करा, ग्रामसभेत उभं राहून बोला. मैत्रिणीनं तिच्या समाजासाठी तेच करावं. मत वेगळं असायला माझी ना नाही, आणि दोघींनी आरक्षणावर एकमत करावं असाही माझा आग्रह नाही. होणारही नाही ते. माझा विरोध व्यवहार तोडायला आहे. मागणी सरकारकडे असते. शेजाऱ्याचं किराणा बंद केल्याने सरकारला काय कळणार आहे?

आता गटाचं. भिवंडी हे १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं शहर. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि पोलीस, नियमित बैठक, आणि विषय भांडणाचे नव्हेत, नळाचे, गटारीचे, घरगुती तंट्यांचे. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. भांडण पेटल्यावर शांतता कमिटी बोलावतात ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे, चहा पिऊन उठते. भिवंडीत माणसं भांडण नसतानाही भेटत होती, म्हणून अफवा आली तेव्हा खात्री करायला एकमेकांकडे जाता आलं. तुमचा बचत गट नेमका तसाच आहे. दोन्ही समाजांच्या बायका आठवड्याला एका सतरंजीवर बसतात आणि पैशाचं बोलतात, अशी दुसरी कुठली जागा तुमच्या गावात आज उरली आहे? देवळातल्या पंगती वेगळ्या झाल्या असतील, पारही वाटून घेतला असेल. गट ही शेवटची जागा आहे. म्हणून मी पहिल्याच ओळीत "नका" म्हटलं.

व्यवहाराची बाजूही आहे. बँकेचं कर्ज गटाला मिळतं ते अकरा जणींच्या एकत्र जबाबदारीवर, तारण न घेता. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली ती याच भरवशावर, की एकीचा हप्ता चुकला तर दहा जणी बघतील. गट फोडायचा तर आधी कर्ज फेडावं लागेल, ठराव करावा लागेल, शिल्लक वाटावी लागेल, आणि नव्या गटाला बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब असं पंचसूत्रीचं सगळं पहिल्यापासून दाखवावं लागेल. तोवर एखादीला दवाखान्यासाठी वीस हजार लागले तर ती मायक्रोफायनान्सवाल्याकडे जाईल. तो दारात येतो तेव्हा जात बघत नाही, हप्ता बघतो.

तर असं करा. बैठक सध्या तुमच्या नाहीतर मैत्रिणीच्या ओट्यावर होत असेल. ती काही महिन्यांसाठी अंगणवाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात न्या. ज्या चौघी येत नाहीत त्यांना बहुधा गटाचा राग नसेल. एका ठराविक घराचा उंबरा गल्लीच्या देखत ओलांडायची त्यांना भीती असेल. तो उंबरा त्यांच्या वाटेतून काढा. चौघींना एकत्र बोलावू नका, एकेकीकडे स्वतः जा. "का येत नाही" विचारू नका. तिचं पासबुक घेऊन जा, तिची किती बचत जमली, कर्ज किती फिटलं ते दाखवा, आणि पुढच्या बैठकीची तारीख सांगून या. तुमच्या समाजाच्या दोघी असतील तर त्यांच्याकडे मैत्रिणीला पाठवा, आणि तिच्याकडच्या दोघींकडे तुम्ही जा. जड जाईल, पण यात अर्धं काम होऊन जाईल. इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव घाला, की बैठकीच्या वेळात आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर पक्ष, नेते, आंदोलन यांचा विषय घ्यायचा नाही. बाहेर काय बोलायचं ते बोला. ठराव सगळ्यांच्या सह्यांचा असू द्या, म्हणजे उद्या एखादीनं मेसेज टाकला तर तिला थांबवणं हे सचिवाचं काम ठरेल, तुमचं वैयक्तिक भांडण ठरणार नाही. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गावात काम करणाऱ्या सीआरपी ताईंना हे आधीच सांगून ठेवा.

मालकांशी तत्त्वावर वाद घालू नका. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक गेलंय, त्यांचा राग नुकसानीतून आलाय. रात्री दुकान बंद झाल्यावर उधारीची वही काढून बसा दोघं. दोन्ही समाजांची नावं त्यात असतील. जे लोक तुमच्याकडून घ्यायचे बंद झाले ते आता तेल-साखरेसाठी तालुक्याला जातात, रिक्षाचं भाडं भरतात. तुमच्या गल्लीतली माणसं त्यांच्या पिठाच्या गिरणीवर जात नसतील तर तीही लांब हेलपाटे घालत असतील. नुकसान दोन्हीकडं चाललंय. मालकांना एवढंच करायला सांगा, की सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला समोर दिसल्यावर पहिल्यासारखी हाक मारायची. एकालाच. आणि दुकान तोडायचा तो निरोप तुमच्या घरातल्या कुठल्याही फोनवरून पुढे जाऊ देऊ नका. दोन समाजांत शत्रुत्व पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं १५३ अ. मोबाइलवरचा मजकूरही त्यात येतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला "मी लिहिलं नाही" म्हणून सहज सुटता येत नाही.

आता लेक. त्याला मारू नका आणि गावासमोर माफीही मागायला लावू नका. तो डबा त्यानं परत दिला ते बहुतेक भुकेच्या किंवा चवीच्या हिशेबानं नव्हतं, मित्रांच्या नजरेसाठी होतं. चौदाव्या वर्षी पोराला आपण कोणाचे आहोत हे दाखवायची घाई असते, आणि आत्ताच्या दिवसांत ते दाखवायचा सोपा रस्ता त्याच्या हातातल्या फोनवर आहे. रील, गाणी, भगवा-पिवळा, "वाघ", "बाप माणूस". त्याला समाजाचा अभिमान असू द्या. त्याला विचारा, आपली मागणी नेमकी काय आहे ते मला सांग. टक्का किती, कोणत्या कायद्याखाली, कोर्टानं काय म्हटलं. त्याला सांगता येणार नाही. मग दोघं मिळून शोधा. वाचायला लागला की त्याचा राग माणसांवरून कागदांवर जाईल, आणि तिथं तो असायला हरकत नाही.

त्याला त्याच्या जन्माची गोष्ट सांगा. सगळी सांगा. रात्र होती की पहाट, कोणती गाडी मिळाली, दवाखान्यात कागदावर सही कोणी केली, तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा लेकरू कोणाच्या हातात होतं. उपदेश करू नका, शेवटी "म्हणून" लावू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे अतिवृष्टी झाली, बीड-लातूर-धाराशिवात पिकं आणि जनावरं वाहून गेली, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. गॅझेटियरचा शासन निर्णय निघून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि स्टेटसची लढाई जोरात होती. त्या दिवसांत तुमच्या गावात कोणी कोणाची जनावरं सोडवली, कोणाच्या घरी कोण झोपलं, हे त्याला विचारा. त्याचं उत्तर तुम्हालाही ऐकायला हवं.

मैत्रिणीकडे मात्र लेकाच्या आधी तुम्ही जा. मागच्या दारानं जाऊ नका. घरं पाठीला पाठ आहेत, परसातून दोन पावलांत पोचाल, पण पुढच्या गल्लीतून, दिवसाउजेडी, लोकांच्या देखत जा. हे मी मुद्दाम सांगते. दाराआड असलेल्या माणसांना कळायला हवं की कुणीतरी बाहेर आलं. तिला लेकाच्या वागण्याचं कारण सांगत बसू नका. "त्यानं केलं ते चूक होतं आणि मी ऐकत होते, बोलले नाही" एवढं म्हणा. ती कदाचित रागावेल, कदाचित तिच्या घरातल्या कोणी तुम्हाला बसाही म्हणणार नाही. तसं झालं तर वाद न घालता परत या आणि गटाच्या बैठकीला तिच्या शेजारी बसा. तिच्याही घरात तिला कोणीतरी "वेगळा गट काढ" म्हणत असणार, त्याचा ताण तिच्यावर तितकाच आहे. डबा परत गेला ना, तर आता तुमच्याकडून एक डबा जाऊ द्या. तो कोणाच्या हाती द्यायचा ते तुम्ही ठरवा. लेक स्वतःहून तयार झाला तर त्याच्या हाती, नाही तर तुमच्याच. त्याच्यावर जबरदस्ती केलीत तर तो डबा वाटेत कुठंतरी ठेवून येईल आणि तुमच्याशी खोटं बोलायला शिकेल.

राहिल्या शिलाई मशिनी. ज्या माणसानं येऊन वेगळ्या गटाची अट घातली त्याला "नको" म्हणायला तुम्ही एकट्या पुढे होऊ नका, तो तुमच्यावर डूख धरेल. विषय ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत ठेवा. मशिनी द्यायच्या असतील तर ग्रामसंघाच्या नावानं, गावातल्या सगळ्या गटांसाठी, लेखी पत्रानं द्याव्यात असा ठराव घ्या आणि त्याची प्रत त्या पुढाऱ्याच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. मशिनी आल्या तर अकरा जणींपैकी जिला शिवण येतं तिच्याकडं पहिली ठेवा. नाही आल्या तर उमेदच्या तालुका कार्यालयात शिवणकामाच्या कर्जाची चौकशी करा. गटाचं खातं नियमित असेल तर मशिनीपुरतं कर्ज मिळणं अवघड नाही, आणि त्या मशिनीवर कोणाचा फोटो चिकटवावा लागणार नाही.